पोस्टडॉकसाठी जे-१ घ्यावा की एच-१बी साठी अडून बसावं?

रानजाई | २६ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

पुण्यातून रसायनशास्त्रात पीएचडी झाली (पॉलिमर). अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठात पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकरीची) ऑफर आली आहे. पहिलं पत्र एक वर्षाचं, पण प्रोफेसर म्हणतात तीन वर्षांचा निधी आहे. तिथलं इंटरनॅशनल ऑफिस म्हणतं जे-१ (पाहुण्या संशोधकांचा व्हिसा) देऊ, एच-१बी (नोकरीचा व्हिसा) नाही. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो, "जे-१ घेतलास की अडकलीस. दोन वर्षं भारतात परत यावंच लागतं. एच-१बी माग, नाहीतर ऑफर सोड."

माझे प्रश्न:
१. मामेभाऊ म्हणतो ते खरं आहे का?
२. पीएचडीला सीएसआयआरची फेलोशिप होती. म्हणजे सरकारी पैसा. तो मोजतात का?
३. नवरा हिंजवडीत आयटीत आहे. त्याला तिथे काम करता येईल का?

इथे विद्यापीठांत नोकरी करणारे बरेच जण आहेत हे माहीत आहे. कृपया अनुभव सांगा. "गुगल कर" सोडून काहीही चालेल.

शनिवारपेठी | २६ ऑक्टोबर, रात्री १०:५१

गुगल कर.

(हलके घ्या. अभिनंदन!)

मिनेसोटाची_माहेरवाशीण | २६ ऑक्टोबर, रात्री ११:३०

अभिनंदन रानजाई! मी १४ वर्षं विद्यापीठात आहे. जे-१ वर आले, मग एच-१बी, आता संशोधक म्हणून कायम. क्रमाने सांगते.

तुझा मामेभाऊ म्हणतो तो नियम खोटा नाही, जुना आहे. दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट (सगळे तिला २१२-ई म्हणतात) सरसकट प्रत्येक जे-१ ला कधीच नव्हती. ती तीन कारणांनी लागते: तुझ्या तिथल्या मुक्कामाला अमेरिकन किंवा भारत सरकारने पैसा दिला असेल, तुझा विषय तुझ्या देशासाठीच्या 'स्किल्स लिस्ट'मध्ये (मायदेशाला गरज असलेल्या विषयांच्या यादीत) असेल, किंवा तू डॉक्टर म्हणून वैद्यकीय प्रशिक्षणाला आली असशील. आपल्या विज्ञानवाल्या लोकांना वर्षानुवर्षं छळलं ते दुसऱ्या कारणाने. पण ९ डिसेंबर २०२४ ला ती यादी नवीन आली आणि भारताचं नाव तिच्यातून वगळलं गेलं. पूर्वी येऊन गेलेल्यांनाही त्याचा फायदा मिळतो. मामेभाऊ बहुधा त्याआधीच्या जमान्यातला आहे.

सीएसआयआरचं म्हणशील तर तो पैसा पुण्यातल्या पीएचडीसाठी होता. इथल्या मुक्कामासाठी भारत सरकारची परदेशी फेलोशिप घेऊन येणार असतीस तर गोष्ट वेगळी. प्रोफेसरच्या संशोधन अनुदानातून पगार मिळणार असेल, तर ते अनुदान केंद्र सरकारचं असलं तरी सहसा मोजत नाहीत, कारण ते खास परदेशी पाहुणे आणण्यासाठी दिलेलं नसतं. डीएस-२०१९ (विद्यापीठ जे-१ साठी देतं तो कागद) हातात आला की निधीचा रकाना मात्र नीट वाच.

नवऱ्याबद्दल उद्या लिहिते, इथे पोळ्या व्हायच्यात.

टेक्सासचा_तात्या | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

एच-१बी मागायची सोयच उरलेली नाही ताई. १९ सप्टेंबरचा जाहीरनामा वाचला नाहीत का? भारतात बसलेल्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर मालकाने १ लाख डॉलर भरायचे. विद्यापीठांना सूट नाही. पोस्टडॉकला वर्षाला साठ-बासष्ट हजार देणारं विद्यापीठ त्याच्यावर १ लाख कशाला भरेल?

शनिवारपेठी | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:०२

१ लाख डॉलर म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख. सिंहगड रोडला टू बीएचके येतो हो. पार्किंगसकट नाही, पण येतो.

खिचडीप्रेमी | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

तात्या, अर्धंच सांगितलंत. २० ऑक्टोबरला त्यांनी खुलासा काढलाय. माणूस अमेरिकेतच कायदेशीर राहत असेल आणि आतल्या आत स्टेटस बदलत असेल, म्हणजे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा जे-१ वरून एच-१बी, तर ते १ लाख लागत नाहीत. बदल मंजूर झाल्यावर तो भारतात येऊन व्हिसाचा शिक्का घेऊन परत गेला तरी लागत नाहीत. म्हणजे आजच्या घडीला रानजाईसाठी जे-१ हीच एच-१बी कडे जायची स्वस्त वाट आहे. मामेभावाचा सल्ला बरोबर उलटा झालाय. अट एकच, २१२-ई लागू नसावी, कारण ती असेल तर एच मिळतच नाही.

माझं स्वतःचं सांगतो. मी प्राध्यापक नाही, संशोधक नाही. विद्यापीठाच्या आयटीत डेटाबेस सांभाळतो. एमएस करून कंपनीत ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर) होतो, स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांची २४ महिन्यांची वाढही घेतली. तीनदा एच-१बी च्या लॉटरीत नाव घातलं, तीनदा नाही लागलं. शेवटचे चार महिने उरलेले असताना एका विद्यापीठात जागा निघाली. विद्यापीठांना लॉटरीच नाही हे मला तेव्हा कळलं! ६५ हजार आणि वरचे २० हजार हा कोटा कंपन्यांसाठी. विद्यापीठं, त्यांना जोडलेल्या ना-नफा संस्था, सरकारी संशोधन संस्था २००० सालच्या कायद्यापासून कोट्याबाहेर. वर्षातल्या कुठल्याही दिवशी अर्ज, १ ऑक्टोबरची वाट बघणं नाही. पगार एक तृतीयांशाने कमी झाला, पण रात्री झोप लागायला लागली.

तोटाही सांगतो. विद्यापीठ सोडून कंपनीत जायचं म्हटलं की पुन्हा लॉटरी. सोन्याचा पिंजरा म्हणणार होतो, पण सोनं कुठे दिसत नाही.

लेलेकाका | २७ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

आमच्या वेळी एवढं नव्हतं. मी १९८८ ला गेलो, दोन वर्षांनी परत आलो, आयुष्यभर इथे शिकवलं. तुम्हा लोकांना इथे काय कमी आहे?

निळीशाई | २७ ऑक्टोबर, दुपारी १२:३४

काका, रिसर्च असोसिएटला महिना ५८ हजार आहेत, तेही वेळेवर आले तर. मी स्वतः सात महिने थकलेल्या फेलोशिपवर काढलेत. दूधवाला 'देशसेवा' स्वीकारत नाही.

लेलेकाका | २७ ऑक्टोबर, दुपारी १:०५

सात महिने? हे मला माहीत नव्हतं. माझे शब्द मागे घेतो.

मिनेसोटाची_माहेरवाशीण | २७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

आता नवऱ्याचं. जे-१ चा हा मोठा फायदा कोणी सांगत नाही. जे-२ जोडीदाराला कामाचा परवाना, म्हणजे ईएडी मिळतो. कुठलीही नोकरी, कुठलाही मालक. फक्त तो पैसा जे-१ वाल्याच्या पोटापाण्यासाठी लागतोय असं दिसायला नको, फिरणं-शिकणं-करमणूक वगैरे कारण द्यायचं. अर्ज इथे पोचल्यावरच करता येतो, तीन-चार महिने तरी धर.

याउलट एच-४ ला (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला) असा परवाना सहजासहजी नाही. २०१५ पासून सोय आहे, पण नवऱ्याची किंवा बायकोची आय-१४० (ग्रीन कार्डासाठीची याचिका) मंजूर झालेली हवी, किंवा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे गेलेला हवा. मी जे-१ वरून एच-१बी वर गेले त्या दिवशी आमच्या ह्यांची नोकरी गेली. सोमवारी ऑफिसात केक कापला, मंगळवारी घरी. पावणेतीन वर्षं घरात होते. आमच्याकडे त्या काळात जगातलं सगळ्यात स्वच्छ फ्रीज होतं.

तेव्हा रानजाई, एच-१बी ची घाई करू नकोस. नवऱ्याच्या नोकरीकडे बघून ठरव.

रानजाई | २७ ऑक्टोबर, रात्री १०:०५

मिनेसोटा ताई, किती आभार मानू! फ्रीजचं वाचून नवरा गंभीर झालाय.

तो विचारतोय, ईएडी येईपर्यंत हिंजवडीच्या कंपनीचंच काम तिथून लॅपटॉपवर केलं तर? पगार इथल्या खात्यात, कंपनी भारतातली. मग अमेरिकेला काय त्याचं?

टेक्सासचा_तात्या | २७ ऑक्टोबर, रात्री १०:२०

काही होत नाही. सगळे करतात. माझ्या माहितीत चार जण आहेत.

खिचडीप्रेमी | २७ ऑक्टोबर, रात्री १०:४१

तात्या, काहीही सल्ला देऊ नका हो! अमेरिकेच्या जमिनीवर बसून केलेलं काम हे अमेरिकेतलं काम. पगार कुठे जमा होतो हा प्रश्न गौण. उद्या ग्रीन कार्डच्या अर्जात "विनापरवाना काम केलंत का" या ओळीपुढे खूण करताना हात थरथरेल.

टेक्सासचा_तात्या | २७ ऑक्टोबर, रात्री १०:५५

थरथरला नाही कुणाचा अजून.

खिचडीप्रेमी | २७ ऑक्टोबर, रात्री ११:०२

पकडले गेले नाहीत म्हणजे कायदेशीर झालं? लाल सिग्नल तोडून सुखरूप घरी पोचलेलेही लाखो आहेत पुण्यात.

शनिवारपेठी | २७ ऑक्टोबर, रात्री ११:०४

पुण्याला मध्ये आणू नका. आम्ही सिग्नल तोडत नाही, त्याचा अर्थ वेगळा लावतो.

मिनेसोटाची_माहेरवाशीण | २८ ऑक्टोबर, पहाटे ५:३०

दोघेही थांबा. रानजाई, नवऱ्याला म्हणावं आधी स्वतःच्या एचआरला विचार. बऱ्याच कंपन्या स्वतःच नाही म्हणतात, कारण त्यांच्या मागे तिथला कर लागतो, शिवाय ग्राहकाचा डेटा देशाबाहेर न्यायचा नसतो. तीन-चार महिने बिनपगारी रजा मिळते का बघा.

सातारी_कंदी | २८ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

२१२-ई काय असते ते भोगलेला माणूस बोलतोय. आता यादी बदलली म्हणून नवी मुलं सुटली, पण ज्यांना अजूनही सरकारी निधीमुळे ती लागते त्यांच्यासाठी लिहितो.

मी २०११ साली जे-१ वर गेलो. विषय यादीत, त्यामुळे अट लागली. तीन वर्षांनी विद्यापीठ एच-१बी द्यायला तयार झालं, पण आधी अट माफ करून आणायची. एका बाजूला अमेरिकन परराष्ट्र खात्याकडे डीएस-३०३५ अर्ज. दुसऱ्या बाजूला आपल्या सरकारने सांगायचं की हा परत आला नाही तरी आमची हरकत नाही. त्या कागदाला 'नोरी' म्हणतात. पण ते पत्र निघण्याआधी पासपोर्ट ऑफिसचं ना-हरकत, दिल्लीच्या मंत्रालयाचं ना-हरकत आणि राज्य सरकारचं ना-हरकत हवं.

मी तिकडे प्रयोगशाळेत, इकडे माझे वडील. निवृत्त शिक्षक. पहाटेच्या एसटीने साताऱ्याहून मुंबई. मंत्रालयात अभ्यागतांना दोननंतर सोडतात, तोवर पासच्या रांगेत. पहिल्या खेपेला कळलं की अर्जावर माझी सही आहे, पण वडिलांच्या नावाचं अधिकारपत्र नाही. दुसऱ्या खेपेला अधिकारपत्र होतं, साहेब नव्हते. तिसऱ्या खेपेला साहेब होते, फाइल नव्हती. ती दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेली होती आणि चौथ्यावर पोचली नव्हती. दादा (वडिलांना आम्ही असंच म्हणतो) प्रत्येक वेळी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जायचे. पाचव्या खेपेला त्यांनी कारकुनाशी डबा वाटून खाल्ला. तो निघाला वाईचा. फाइल त्याच संध्याकाळी सापडली.

अकरा महिने लागले सगळ्याला. पत्र आल्यावर दादांनी फोनवर विचारलं, "म्हणजे आता सरकारची हरकत नाही ना?" म्हटलं, नाही. "माझी विचारणार आहेस का?" मला काही बोलता आलं नाही. मग तेच हसले.

रानजाई | २८ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

सातारी, शब्दच नाहीत. माझे बाबा शेजारी बसलेत, त्यांना वाचून दाखवलं. ते उठून गच्चीत गेले.

निळीशाई | २८ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

रानजाई, मी एक चूक केली ती तू करू नकोस.

मला आधी ८ महिन्यांसाठी एका प्रयोगशाळेने बोलावलं. डीएस-२०१९ वर वर्ग होता 'रिसर्च स्कॉलर'. काम संपलं, परत आले. वर्षभराने दुसरीकडून दोन वर्षांची चांगली ऑफर आली, तर इंटरनॅशनल ऑफिस म्हणे देता येत नाही. रिसर्च स्कॉलर म्हणून पाच वर्षांची खिडकी मिळते, पण एकदा तिथला कार्यक्रम बंद करून निघालात की उरलेली खिडकी बंद आणि पुढचे २४ महिने त्याच वर्गात परत येता येत नाही. मी ८ महिन्यांत ती पाच वर्षं उधळली होती. सहा महिन्यांत बसणारं काम असतं तर 'शॉर्ट टर्म स्कॉलर' म्हणून जाता आलं असतं आणि २४ महिन्यांची भानगड नसती. मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लोक ही २४ महिन्यांची अट आणि ती दोन वर्षांची अट यांची हमखास गल्लत करतात. २४ महिन्यांवाली एच-१बी ला आडवी येत नाही. आणि ती जोडीदारालाही लागते! उद्या तुझा नवराच संशोधनाला जायचं म्हणाला तर.

रानजाई | २८ ऑक्टोबर, सकाळी ९:२२

नवरा आणि संशोधन? तो अजून घरातला स्क्रू ड्रायव्हर शोधतोय. पण टिपून ठेवलं. तुमचं पुढे काय झालं?

निळीशाई | २८ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

जर्मनीत आले. संशोधकाचा परवाना सहा आठवड्यांत हातात. पुढे ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना). त्यावर २७ महिन्यांत कायम निवासाचा हक्क, जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत आली तर २१ मध्येच. नवऱ्याला पहिल्या दिवसापासून काम. पण इथेही गोम आहे: विद्यापीठात तात्पुरत्या करारावर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा, एवढीच वर्षं काढता येतात, मग कायम जागा तरी मिळवा नाहीतर बाहेर पडा. व्हिसा आहे आणि नोकरी नाही, असे हुशार लोक इथे ट्रामभर भेटतात.

कोकणकडा | २८ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

इंग्लंडचंही सांगतो. ग्लोबल टॅलेंट व्हिसा चांगला आहे, मालकाला बांधलेला नाही, नोकरी बदलली तरी चालते. फक्त आरोग्य अधिभार डोईजड. मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पाउंड, मुलांना ७७६, सगळी वर्षं आगाऊ. चौघांच्या कुटुंबाने पाच वर्षांचे एकदम भरायचे म्हणजे गावची कलमं विकायची वेळ. आणि एवढं भरून जीपीची (तिथल्या फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी.

टेक्सासचा_तात्या | २९ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

ग्रीन कार्डाचं बोला की कोणीतरी. नाहीतर या पोरीला वाटायचं पाच वर्षं झाली की मिळालं.

मिनेसोटाची_माहेरवाशीण | २९ ऑक्टोबर, रात्री ९:००

बोलते. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, त्यात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारताची रांग त्यामुळे मारुतीच्या शेपटासारखी. ईबी-२ ची (उच्च पदवीधरांच्या गटाची) तारीख या वर्षभर २०१३ च्या आसपास रेंगाळतेय, म्हणजे आत्ता नंबर लागतोय तो तेव्हा अर्ज केलेल्यांचा. ईबी-१ ची (असामान्य पात्रतेच्या गटाची) रांग तीन-चार वर्षांचीच. म्हणून विद्यापीठातली माणसं ईबी-१ च्या मागे लागतात.

ईबी-१ मध्ये आपल्यासाठी दोन दारं. एक 'उत्कृष्ट संशोधक' म्हणून विद्यापीठाने अर्ज करायचा: तीन वर्षांचा अनुभव, कायम स्वरूपाची जागा, सहापैकी दोन निकष. पोस्टडॉकची जागा तात्पुरती धरतात, त्यामुळे बहुतेक विद्यापीठं पोस्टडॉकसाठी हा अर्ज करत नाहीत. दुसरं दार स्वतःचं स्वतः: मालक नको, पण दहापैकी तीन निकष आणि वर "तुम्ही खरंच त्या विषयाच्या शिखरावर आहात का" हा प्रश्न. मी दुसऱ्या दाराने गेले. तेव्हापासून कुणाचाही शोधनिबंध तपासायला आला की नाही म्हणत नव्हते, कारण ते 'परीक्षक म्हणून काम' या निकषात मोजतात. रानजाई, पहिल्या दिवसापासून प्रत्येक तपासणीचं आभाराचं ईमेल एका फोल्डरमध्ये टाकत जा. मी सहा वर्षांनी शोधत बसले तेव्हा अर्धी जुन्या विद्यापीठाच्या खात्याबरोबर बुडाली होती.

राष्ट्रहिताची सवलत घेऊन ईबी-२ चा अर्ज स्वतः करता येतो. रांग लांब आहे, पण रांगेतली तारीख मिळते आणि ती पुढे ईबी-१ ला वापरता येते. फक्त जे-१ वर असताना असे अर्ज करून भारतात शिक्का घ्यायला जायचं नाही. जे-१ ला "मी परत जाणार" असं दाखवावं लागतं, एच-१बी ला ती कटकट नाही.

प्राध्यापक_परदेशी | २९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

एक भर. शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी वेगळी सोय आहे. ग्रीन कार्डासाठी लागणाऱ्या साध्या कामगार प्रमाणपत्रात किमान पात्रतेचा एक अमेरिकन मिळाला तरी अर्ज बारगळतो. प्राध्यापकाच्या जागेला "हाच उमेदवार सर्वांत जास्त पात्र" एवढं दाखवलं की पुरतं. पण निवडीपासून १८ महिन्यांत अर्ज गेला पाहिजे आणि जाहिरात राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक नियतकालिकात, ऑनलाइन असेल तर किमान ३० दिवस हवी. माझ्या विभागाने जाहिरात २७ दिवसांनी काढून घेतली होती. जागा भरली म्हणून! त्या तीन दिवसांपायी सगळी निवड नव्याने करावी लागली. स्वतःच्याच जागेसाठी मी दुसऱ्यांदा मुलाखत दिली आणि सांगायला लाज वाटते, पहिल्यापेक्षा वाईट दिली.

शनिवारपेठी | २९ ऑक्टोबर, रात्री १०:२०

घेतलं का मग तुम्हाला?

प्राध्यापक_परदेशी | २९ ऑक्टोबर, रात्री १०:२२

समितीवर दोघे माझे चहावाले मित्र होते. घेतलं.

कोकणकडा | ३० ऑक्टोबर, सकाळी १०:००

रांग देशाच्या नागरिकत्वावर नाही, जन्मस्थळावर असते हं. माझा चुलतभाऊ मस्कतला जन्मला कारण काका तिथे कंपनीत होते. पासपोर्ट भारतीय, बोली मालवणी, पण कागदोपत्री जन्म ओमानचा. ईबी-२ मध्ये त्याला भारताची लांब रांग लागली नाही. त्याची बायको रत्नागिरीची, तीसुद्धा त्याच्या जन्मस्थळावर तरली.

शनिवारपेठी | ३० ऑक्टोबर, सकाळी १०:०६

म्हणजे स्थळं बघताना आता पत्रिकेतलं जन्मस्थान खरंच महत्त्वाचं. मंगळ चालेल, मिरज नको.

हिशोबनीस | ३० ऑक्टोबर, रात्री ८:४५

उशिरा आलोय, पण रानजाई, जायची तारीख ठरली का? कारण करात तारखेला महत्त्व आहे.

जे-१ संशोधकाला पहिली दोन वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात नाही, म्हणजे ७.६५ टक्के वाचतात. पण ही दोन *कॅलेंडर* वर्षं. २८ डिसेंबरला उतरलीस तर ते अख्खं वर्ष चार दिवसांत संपलं असं धरतात. जानेवारीत उतर.

दुसरं म्हणजे भारत-अमेरिका कर करारातलं कलम २२. शिकवायला किंवा संशोधनाला आलेल्याला दोन वर्षं आयकरात माफी. ऐकायला गोड आहे, पण मुक्काम दोन वर्षांच्या वर गेला तर माफी पहिल्या दिवसापासून रद्द होते. तुझा निधी तीन वर्षांचा आहे म्हणतेस. एकतर घेऊच नकोस, किंवा घेतलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेव, हात लावू नकोस. मी हात लावला होता. जुनी होंडा घेतली होती. ती पुढे कर भरायला विकली.

रानजाई | ३० ऑक्टोबर, रात्री ९:३०

हिशोबनीस, तुम्ही देवासारखे भेटलात. प्रोफेसर १५ डिसेंबर म्हणत होते. आत्ता ईमेल केलं, "व्हिसाला वेळ लागेल, ५ जानेवारी चालेल का?" लगेच हो म्हणाले. त्यांनाही ख्रिसमसमध्ये मला किल्ल्या द्यायला यायचं नसणार.

आणि नवऱ्याच्या एचआरने स्पष्ट कळवलं: लॅपटॉप देशाबाहेर न्यायचा नाही. सहा महिने बिनपगारी रजा मिळतेय. तात्या, खिचडीप्रेमी, भांडण मिटलं.

टेक्सासचा_तात्या | ३१ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

एचआर भित्रं आहे.

एमडी_मिरजकर | २ नोव्हेंबर, दुपारी ४:००

अवांतर: वैद्यकीय प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरांना ही यादी बदलण्याचा काही उपयोग नाही, आमची २१२-ई कायम. सुटका म्हणजे डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. मी सध्या अशा गावात आहे जिथे गाईंची संख्या माणसांपेक्षा जास्त आहे. सांगली जिल्ह्यातून आलो, त्यामुळे घरच्यासारखं वाटतं. आणि मिरजेबद्दल जपून बोला.

रानजाई | ३ डिसेंबर, रात्री ११:१०

धागा वर काढतेय. परवा मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये व्हिसाची मुलाखत झाली!

आधी सेविसचे (परदेशी विद्यार्थी-संशोधकांच्या नोंदणीचे) २२० डॉलर, डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), मग बोटांचे ठसे. जूनपासून जे-वाल्यांना सोशल मीडिया खाती खुली ठेवायला सांगतात, म्हणून माझं इन्स्टा खुलं केलं. त्यात नव्वद टक्के मांजर आहे. सकाळी आठची वेळ, आम्ही सहाला हजर. मोबाईल आत नेता येत नाही, तो बाबांकडे दिला. बाबा समोरच्या फुटपाथवर चार तास उभे. खिडकीतल्या बाईंनी तीन प्रश्न विचारले. संशोधन काय? म्हटलं, पाण्यात विरघळणारं प्लास्टिक. त्या म्हणाल्या, मग बाटली कशाची करणार? मी हसले, त्याही हसल्या. मंजूर!

पासपोर्ट आज आला आणि आता झोप उडाली आहे. डीएस-२०१९ वर कॉन्सुलेटच्या शिक्क्यात "दोन वर्षांची अट लागू नाही" वर खूण आहे. पण पासपोर्टातल्या व्हिसावर खाली बारीक अक्षरात छापलंय की लागू आहे. कोणतं खरं?

मिनेसोटाची_माहेरवाशीण | ४ डिसेंबर, पहाटे ५:४५

घाबरू नकोस, हे नेहमी होतं. दोन्ही अंतिम नाहीत! खिडकीतल्या अधिकाऱ्याचा तो प्राथमिक अंदाज असतो. शेवटचा शब्द परराष्ट्र खात्याच्या माफी विभागाचा. त्यांच्याकडून 'अॅडव्हायजरी ओपिनियन' मागवता येतं. डीएस-२०१९ च्या सगळ्या प्रती आणि व्हिसाची प्रत जोडायची, कुठलं फी-बिल नाही. इकडे आल्यावर पहिल्या महिन्यात मागवून ठेव. एच-१बी करायच्या वेळी मागवशील तर विद्यापीठाचा वकील महिनाभर हात बांधून बसेल. आणि ऑफर लेटरची प्रत जपून ठेव, पगार कुठल्या अनुदानातून ते त्यात असेल.

सातारी_कंदी | ४ डिसेंबर, सकाळी ८:००

आणि वडिलांना कुठेही पाठवावं लागणार नाही.

रानजाई | ४ डिसेंबर, सकाळी ८:२०

:-) बाबांनी तरीही सगळ्या कागदांच्या चार-चार झेरॉक्स काढून आणल्यात. लॅमिनेट करणार होते, वेळेत अडवलं.

हिशोबनीस | ४ डिसेंबर, सकाळी ८:३१

तिकीट जानेवारीच्या आधीचं नाही ना काढलं?

रानजाई | ४ डिसेंबर, सकाळी ८:३३

३ जानेवारी, मुंबईहून. आता एकच प्रश्न उरलाय, कुकर नेऊ का?

शनिवारपेठी | ४ डिसेंबर, सकाळी ८:३४

त्यासाठी वेगळा धागा काढा. तिथे मारामाऱ्या होतील.